तेरावा ठिपका

हरास्ती वेंडेलने आयुष्यात एकाच माणसाचा हेवा केला, पण तो असा मन लावून केला की दुसऱ्या कुणासाठी काही उरलंच नाही. सेगेदच्या विद्यापीठात त्याने चौतीस वर्षं गणित शिकवलं. सकाळी आठच्या तासाला कधी एक मिनिट उशीर नाही. कुणाला उगाच नापास केलं नाही, कुणा बड्या बापाच्या पोराला उगाच पास केलं नाही. पण शिपोश एमोके (तिकडे आडनाव आधी लावतात) हे नाव कुणी काढलं की त्याच्या हातातला खडू मोडायचा. पुढच्या बाकावरच्या पोरांना हे ठाऊक झालं होतं. तास लांबायला लागला की एखादा मुद्दाम विचारायचा, "सर, हे प्रमेय शिपोशबाईंचं का?" खडू मोडायचा, नवा शोधण्यात दोन मिनिटं जायची.

दोघंही माकोची. कांद्याचं गाव. वेंडेलचा बाप कांद्याच्या वेण्या बांधून बाजारात बसायचा, एमोकेचा बाप रेल्वेच्या फाटकावर दांडा वरखाली करायचा. म्हणजे दोघांच्याही घरात पुस्तकांचं कपाट नव्हतं, मोठ्या शहरात मामा-काका नव्हते. अशा घरातल्या पोरांसाठी त्या देशात एकच शिडी होती, आणि ती कागदाची होती. शाळकरी मुलांसाठी गणिताचं एक मासिक निघायचं. दर महिन्याला त्यात प्रश्न यायचे, पोरांनी घरून उत्तरं पाठवायची, गुण साठायचे, आणि वर्षाअखेर सर्वांत पुढे असलेल्यांचे फोटो छापून यायचे. पोस्टाच्या तिकिटाएवढे फोटो. पण फुटबॉलपटूंच्या खालोखाल पोरांना तेच चेहरे पाठ असायचे.

सत्तावन्न साली माकोच्या एकाच शाळेतून दोन फोटो छापून आले. एमोके वरच्या ओळीत. वेंडेल सर्वांत खालच्या ओळीत, कडेला, अर्धा कान कापलेला. दोघांत फरक एका गुणाचा, पण त्या एका गुणावर अकरा पोरं बसली होती. आणि तो एक गुण का गेला? उत्तर बरोबर होतं. तपासणाऱ्याने समासात लिहिलं होतं, 'आकृती अस्पष्ट. ठिपका कुठला आणि छेद कुठला, कळत नाही.'

त्यांचे शिक्षक दुदाश मास्तर. त्यांनी वेंडेलला फळ्याशी उभं केलं.

"हे काय आहे?"

"दोन रेघा, मास्तर."

"त्या भेटल्या का?"

"हो, इथे."

"नाही भेटल्या. एकीवरून दुसरी गेली. ठिपका तू मांडशील तेव्हा ठिपका. नुसती रेघेवर रेघ पडली म्हणून होत नाही. आणि पहिल्या ठिपक्याभोवती दोन वर्तुळं काढत जा, म्हणजे निघालास कुठून ते तरी कळेल."

दोन वर्तुळांची ही खूण मास्तरांनी त्या दोघांनाच लावली. एमोकेने कॉलेजात गेल्यावर ती सोडली. वेंडेलने जन्मभर पाळली.

सेगेदला दोघं बरोबर शिकली आणि दोघांनीही तोच विषय धरला. ठिपके आणि रेघांचा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्या देशात या पोरखेळावर माणसं म्हातारी होतात. पुढे एमोके बुडापेस्टला गेली. एकोणसत्तर साली तिला पासपोर्ट मिळाला. वेंडेलचा अर्ज परत आला, तीनदा आला. त्याचा थोरला भाऊ छप्पनच्या शरदात, उठाव चिरडला गेला तेव्हा, सरहद्द ओलांडून व्हिएन्नाला पळाला होता, आणि भावाच्या पायांची शिक्षा वेंडेलच्या पायांना होती. कचेरीतल्या बाईने तिसऱ्यांदा कागद सरकवला तेव्हा तो म्हणाला, "मी तिकडे ठिपके काढायला चाललोय, बाई." ती म्हणाली, "इथे काढा की. कागद तोच आहे." हे असलं ऐकून घेऊन घरी यायचं आणि दुसऱ्या दिवशी आठच्या तासाला उभं राहायचं. एमोके तेव्हा कॅनडात होती. तिथून तिने त्याला सरोवराचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. ते त्याने फाडलं नाही. शब्दकोशात दाबून ठेवलं, म्हणजे शब्द शोधताना अधूनमधून पुन्हा चिडता येईल.

एकाहत्तर साली वेंडेलने चार पानांचा एक लेख छापला. त्यात उत्तर नव्हतं, प्रश्न होता. काही ठिपके आहेत, काही रेघा आहेत. एका ठिपक्यावरून निघायचं, प्रत्येक ठिपक्यावर एकदाच पाय ठेवायचा, आणि निघालो तिथे परत यायचं. अशी फेरी नक्की जमेल, असं कधी म्हणता येतं? वेंडेलने दोन अटी सुचवल्या. दुसरी अवघड आहे, ती बाजूला ठेवू. पहिली अशी: आकृतीतले कुठलेही काही ठिपके खोडा, उरलेल्या आकृतीचे तुकडे खोडलेल्या ठिपक्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. या दोन अटी पाळल्या तर फेरी असतेच का? एवढाच प्रश्न. तो कुणाला सुटेना. एमोकेने तो परदेशातल्या व्याख्यानांत सांगितला, आणि बघता बघता तिकडचे लोक त्याला 'हरास्तीचा प्रश्न' म्हणू लागले. वेंडेल कधी देशाबाहेर गेला नाही, त्याचं नाव गेलं. तेही तिच्या तोंडून गेलं, हे शल्य वेगळंच.

तो स्वतः त्या प्रश्नामागे सोळा वर्षं लागला होता. उत्तर सापडलं तर उत्तम, नाही सापडलं तरी काय बिघडलं? प्रश्न जिवंत आहे तोवर नाव जिवंत आहे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायकोने ओळखलं होतं. इल्का औषधाच्या दुकानात काम करायची. कुणाला काय दुखतं ते चेहऱ्यावरून सांगायची.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात बुडापेस्टहून जाड पाकीट आलं. बरोबर संपादकांचं पत्र: लेख छापावा की नाही, गुप्त अभिप्राय हवा. एक्केचाळीस पानं. लेखिका, शिपोश एमोके. वेंडेलने टोपी न काढता उभ्यानेच पहिलं वाक्य वाचलं. 'एका जुन्या आणि प्रसिद्ध प्रश्नाचं उत्तर या लेखात दिलं आहे.'

जुन्या. प्रसिद्ध. नाव नाही. शेवटच्या पानावर संदर्भांच्या यादीत चौदाव्या क्रमांकाला, बारीक अक्षरात, तो होता.

"कोण गेलं?" इल्काने विचारलं.

"कोणी नाही. एमोकेने लेख लिहिलाय."

"मग जेवायला बस. ती बाई या घरात माझ्यापेक्षा जास्त राहते. निदान ताट तरी मागत नाही."

त्याने संपादकांना फोन लावला. झादोर हे भले गृहस्थ, पण सगळ्यांशी गोड.

"हे मलाच का पाठवलंत?"

"हरास्तीसाहेब, या प्रश्नातलं तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळतं?"

"लेखिकेला कळतं, असं दिसतंय."

"तिला सोडून म्हणतो मी. आणि जरा लवकर बघा. तिच्या खात्याच्या प्रमुखाची जागा रिकामी आहे. मार्चअखेर निर्णय आहे, आणि सगळं या लेखावर आहे. दुसरा उमेदवार कोण आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे."

ठाऊक होतं. मंत्रालयातल्या कुणाचा तरी जावई, वीस वर्षांत दोन लेख, दोन्हींवर आणखी चौघांची नावं. अशा माणसापेक्षा एमोके शंभर पटींनी बरी, हे वेंडेल भर सभेत ओरडून सांगू शकला असता. पण ती त्या जागेवर बसली आणि त्याचा प्रश्नही घेऊन गेली, तर मागे काय उरत होतं? सेगेदमधला आठचा तास.

तो लेख वाचू लागला. पानागणिक भोक शोधत गेला, आणि पानागणिक त्याचं तोंड कडू होत गेलं. बाई चांगली लिहीत होती. त्याने सोळा वर्षं ज्या भिंतीवर डोकं आपटलं होतं, तिच्या बाजूने ती सहज वळून गेली होती. तिथे दार आहे हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. तेविसाव्या पानावर एक मधली पायरी होती. सगळं त्या पायरीवर उभं होतं. ती खोटी ठरली तर वरचा मजला कोसळत होता.

पायरी खोटी पाडायला एकच आकृती पुरते. दोन्ही अटी पाळणारी, पण फेरी नसलेली. वेंडेल आकृत्या काढू लागला. नाताळच्या आधी तीन दिवस तो बारा ठिपक्यांच्या एका आकृतीवर बसून होता. बुटका पेन्सिलचा तुकडा, बारीक ठिपके, पहिल्याभोवती दोन वर्तुळं. कुठलेही ठिपके खोडून पाहिले, तुकडे मोजले. अट पाळली जात होती. त्याने कोपऱ्यात लिहिलं, 'दोन्ही अटी तपासल्या,' आणि खाली सही केली. पण फेरी नाही, हे सिद्ध होईना. सापडत नाही म्हणजे नाही, असं तर विद्यार्थी म्हणतात.

मग सण आला. इल्काची बहीण आली, मासळीचं लाल सूप झालं, आणि काळ्या खसखशीच्या सारणाची गुंडाळी, जिला बेइग्ली म्हणतात, ती सहा लांबलचक. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे उठायच्या आत वेंडेल बशीत तीन चकत्या घेऊन टेबलाशी बसला. एका हाताने खात, दुसऱ्याने कागद सारखा करत.

आणि एकदम त्याला दिसलं. काही ठिपके लाल समजा, काही निळे; प्रत्येक रेघ लालाला निळ्याशीच जोडते, लालाला लालाशी कधी नाही. मग फेरी लाल-निळी-लाल-निळी अशीच जाणार, म्हणजे दोन्ही रंग सारखे हवेत. त्याने मोजलं. लाल सात. निळे सहा. पुन्हा मोजलं. सात आणि सहा. फेरी असणं शक्यच नव्हतं. पोराटोरांना समजावं इतकं स्वच्छ.

त्याने आकृती शाईने कोऱ्या कागदावर उतरवली, तेराही ठिपके ठळक, आणि खाली लिहिलं: 'पायरी चुकीची आहे. सोबत उलट उदाहरण: लाल सात, निळे सहा, फेरी शक्य नाही. अटी मी स्वतः तपासल्या आहेत. लेख छापू नये.' सत्तावीस तारखेला पाकीट पोस्टात पडलं. ते तांबड्या पेटीत पडल्याचा आवाज त्याने थांबून ऐकला.

त्यानंतरचे सात आठवडे त्याच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं. तो तासाला विनोद करू लागला. इल्काला कातडी हातमोजे आणले.

"कशाबद्दल?" ती म्हणाली.

"थंडी आहे."

"थंडी पंचवीस वर्षं आहे." तिने मोजे घालून पाहिले. "तिचं काही वाईट झालं वाटतं."

कॉरिडॉरमध्ये कुणी म्हणालं, शिपोशबाईंचा लेख परत आला म्हणे, जागा आता जावईबापूच नेणार. वेंडेल म्हणाला, "अरेरे." आणि ते म्हणताना आपला आवाज किती चांगला लागला, हेही त्याने ऐकलं.

फेब्रुवारीच्या मध्यावर झादोरांचं पातळ पाकीट आलं. लेखिकेचं उत्तर. सहा ओळी.

'अभिप्राय देणाऱ्यांच्या आकृतीत तेरा ठिपके आहेत. त्यांतले सहा निळे खोडावेत. सात लाल सुटे सुटे उरतात. सहा खोडले, तुकडे सात. म्हणजे पहिली अटच मोडली. उदाहरण लागू होत नाही. अटी तपासल्याचं त्यांनी म्हटलं आहे आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मग त्यांनी त्या दुसऱ्या आकृतीवर तपासल्या असाव्यात. मधला तेरावा ठिपका मला ठिपका वाटत नाही. तो दोन रेघांचा छेद असावा.'

वेंडेलने ते तीनदा वाचलं. पहिल्या वर्षाचं पोर जे विचारेल, ते त्याने स्वतःला विचारलंच नव्हतं. ज्या सात आणि सहाने त्याला आनंदाने उभं केलं, त्याच सात आणि सहाने अट मोडत होती. अट बारा ठिपक्यांवर तपासली, फेरी तेरांवर नाकारली, आणि मध्ये एकदाही थांबला नाही. कारण थांबायचं नव्हतं.

त्याने खणातून जुना पेन्सिलीचा कागद काढला. खिडकीशी नेला. मधला ठिपका इतरांपेक्षा किंचित फुगीर होता. त्याने नखाने खरवडला. तो निघाला.

खसखशीचा दाणा. साखरेच्या पाकाने कागदाला चिकटलेला. त्याने तो जिभेवर ठेवला. अजून गोड होता.

आता करायचं काय होतं? सरळ होतं: दोन ओळी लिहायच्या, चूक माझी, लेख छापा. पण त्याने लिहिल्या नाहीत. आणि खोटंही लिहिलं नाही, तेवढा तो लबाड नव्हता. त्याने त्याहून सोपं केलं. काहीच केलं नाही. झादोरांचा फोन आला तेव्हा म्हणाला, "विषय अवघड आहे. सवड लागेल."

"एकतीस मार्चच्या आत झालं तर बरं."

"घाई करून कुणाचं भलं झालंय?"

ज्या कचेरीने त्याचा अर्ज तीनदा परत पाठवला, तिचीच ही भाषा. ती आपल्या तोंडात इतकी चपखल बसते याचं त्याला फोन ठेवल्यावर आश्चर्य वाटलं. पण फोन ठेवल्यावर.

बारा मार्चला दुदाश मास्तर नव्वदीचे झाले. माकोच्या जुन्या शाळेत त्यांचे विद्यार्थी जमले. वेंडेलला टाळायचं होतं, पण मास्तरांनी स्वतः कार्ड लिहिलं होतं, थरथरत्या अक्षरात: 'येणार नसलास तर तसं सिद्ध करून पाठव.'

वर्गात पोगाचांच्या, म्हणजे खाऱ्या गोल पावांच्या, पराती होत्या, फळांची दारू होती, सगळे एकमेकांच्या टकलांना हसत होते. मास्तर खिडकीशी खुर्चीत, एक कान पार गेलेला. शेजारी एमोके. केस पांढरे, चष्मा गळ्यात दोरीला, फाटकवाल्या बापासारखीच ताठ मान.

"वेंडेल, हिच्या बाकावर बस," मास्तर म्हणाले. "तुम्हा दोघांना वेगवेगळं बसवलं ती माझी चूक होती. एकमेकांचं बघून लिहिलं असतं तर दोघांचे फोटो वर आले असते."

"मास्तर, बघून लिहिणं त्याला जमलं नसतं," एमोके म्हणाली. "तो स्वतःचं लिहिलेलंही पुन्हा बघत नाही."

वेंडेलने पेला खाली ठेवला. ती उठली आणि पलीकडच्या रिकाम्या वर्गात गेली. तो मागोमाग गेला. तिने पिशवीतून त्याची आकृती काढून बाकावर ठेवली.

"पहिल्या ठिपक्याभोवती दोन वर्तुळं," ती म्हणाली. "सबंध जगात असं कोण काढतं?"

"कधी कळलं तुला?"

"पाकीट फोडलं तेव्हाच. उत्तर नंतर लिहिलं. आधी दोन दिवस भांडी आपटली."

"मग झादोरांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? की माझ्याच गावच्या माणसाने मला पाडलं? त्यांना हसायला तेवढंच हवंय." ती बाकावर टेकली. "वेंडेल, तू माझा राग राग करतोस हे मला सोळाव्या वर्षापासून माहीत आहे. कर. मला त्याचं काही नाही. पण अट तपासली नाहीस? तू? मासिकात एक गुण गेला तेव्हा तीन दिवस न जेवलेला माणूस, आणि सहा निळे खोडून बघितले नाहीस?"

"दाणा होता," तो म्हणाला.

"काय?"

"खसखशीचा. बेइग्लीतला. कागदाला चिकटला होता."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. आधी त्याला वाटलं रडतेय. ती हसत होती, तोंडावर हात दाबून, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

"इल्काने केलेली?"

"हो."

"तिच्या हातची चांगली असते." तिने डोळे पुसले. "बरं. आता महिना होत आला. उत्तर वाचून दाणा कळला असेल. मग गप्प का बसलास?"

तो चिडला. "आणि तू? पहिल्या वाक्यात काय लिहिलंस? जुना प्रश्न. प्रसिद्ध प्रश्न. नाव लिहायला शाई संपली?"

एमोकेचं हसू गेलं. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"शाई नाही संपली," ती म्हणाली. "नऊ वर्षं लागली मला याला. नऊ. आणि सुटल्यावर लोक काय म्हणणार? हरास्तीचा प्रश्न सुटला. पुढची पोरं पुस्तकात काय वाचतील? हरास्तीचा प्रश्न. मी इतक्या देशांत गेले, वेंडेल, दुसऱ्यांचे प्रश्न सोडवत. माझ्या नावाचा एक प्रश्न कुणी विचारत नाही. तू इथे बसून चार पानं लिहिलीस आणि सगळीकडे पोचलास. म्हणून गाळलं. मुद्दाम."

पलीकडे लोक मास्तरांसाठी गात होते, तिसऱ्या ओळीला सगळ्यांचा सूर वेगळा. वेंडेलच्या मनात जे आलं ते फार उदात्त नव्हतं. त्याला बरं वाटलं. तीस वर्षं ज्या बाईला तो खालून बघत होता, ती त्याला वरून बघत नव्हतीच. तीही खालूनच बघत होती.

त्याने कोटाच्या खिशातून पेन काढलं, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत आकृती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. 'माझा आधीचा अभिप्राय चुकीचा आहे. तेरावा ठिपका नाही. चूक सर्वस्वी माझी. प्रमेय खरं आहे, पानन् पान तपासलं आहे. लेख एका दुरुस्तीसह ताबडतोब छापावा: पहिल्या वाक्यात प्रश्न विचारणाऱ्याचं नाव घालावं.' आणि खाली सही केली, पूर्ण, ठळक.

"सही करत नाहीत," एमोके म्हणाली. "गुप्त असतं."

"गुप्त काय राहिलंय?"

तिने कागद वाचला. दुरुस्तीशी आल्यावर भुवई उचलली. "निर्लज्ज आहेस."

"घालणार का?"

"घालीन. बारीक अक्षरात."

"शीर्षकाखाली तुझं नाव मोठं येणारच आहे. पहिल्या वाक्यात माझं नाव तिथल्या इतर शब्दांएवढंच येऊ दे. मी पट्टीने मोजीन."

कागद त्याने त्याच दिवशी, माकोच्याच टपालात, तिच्या देखत टाकला. एमोकेला ती जागा एकतीस तारखेला मिळाली. जावईबापूंना कुठल्याशा समितीवर बसवलं, तिथे ते शोभले. लेख ऑक्टोबरात आला. वेंडेलने आधी पहिलं वाक्य पाहिलं. नाव होतं. त्याने खरंच पट्टी लावली. मग शीर्षकाखालचं तिचं नाव मोजलं, ते दुप्पट भरलं, आणि दिवसभर तो इल्काशी धड बोलला नाही.

पुढची दहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्याच्या टेबलावर बशी आली नाही. खायचं ते स्वयंपाकघरात उभ्याने. आणि नव्याने एक रीत पडली. दर नाताळला तो एमोकेला कार्ड पाठवायचा. शुभेच्छा नाहीत, एक नवा प्रश्न, पहिल्या ठिपक्याभोवती दोन वर्तुळं. ती बहुतेक वेळा उन्हाळ्यापर्यंत सोडवून पाठवायची. ज्या वर्षी तिला सुटायचा नाही, त्या वर्षी वेंडेल इल्काला काहीतरी घेऊन यायचा. तिच्याकडे हातमोज्यांचे चार जोड झाले.